चांदणी लावलेला शब्द

वहिनींचं आयुष्य मेलेल्या भाषांचा कोश करण्यात गेलं. हसू नका, असाही पोटापाण्याचा उद्योग असतो. त्या दिवशी टेबलावर जुना लॅटिन शब्द होता, 'लेविर'. अर्थ, नवऱ्याचा भाऊ. आपला 'दीर' आणि हा 'लेविर' एकाच आईची लेकरं. ती आई मात्र कुणी ऐकलेली नाही. लेकरांच्या तोंडावळ्यावरून तिचं रूप जुळवायचं आणि त्या जुळवलेल्या शब्दाआधी एक चांदणी काढायची. चांदणी म्हणजे, हा आमचा अंदाज आहे बरं का, कानांनी ऐकलेलं नाही.

वहिनींनी चांदणी काढली आणि पेन खाली ठेवलं. कामात जीवच लागेना. त्यांच्या खऱ्याखुऱ्या दिराच्या घशाचं उद्या ऑपरेशन होतं. जीव वाचणार होता, आवाज जाणार होता.

आणि तो आवाज हुबेहूब त्यांच्या नवऱ्याचा! नवरा गेला त्या आठवड्यात दिराने दारातून हाक मारली आणि वहिनींच्या काळजात धस्स झालं. तोंडातून निघून गेलं, "भावजी, पाया पडते, माझ्यासमोर बोलू नका. सहन होत नाही." माणूस भला. त्यानंतरही यायचा, गळका नळ दुरुस्त करायचा, मानेनेच हो-नाही करून जायचा. चकार शब्द काढला नाही. आणि वहिनींनीही, जळला मेला तो संकोच, कधी "बोला" म्हटलं नाही.

आता एकदा, शेवटचं, नवऱ्याला ऐकायचं होतं. वहिनी तडक हॉस्पिटलात गेल्या.

त्यांना पाहताच दिराने सवयीने ओठ मिटले आणि खुर्चीकडे हात केला. जाऊ वैतागली, "अहो, आज तरी बोला! उद्यापासून आहेच की गप्प बसणं."

त्याने वहिनींकडे पाहिलं.

"बोला, भावजी," वहिनी म्हणाल्या. "माझंच चुकलं."

"काय बोलू, वहिनी?"

घोगरा, फाटका आवाज. दुखण्याने तो केव्हाच खाल्ला होता. नवऱ्याचं त्यात काही म्हणजे काही उरलं नव्हतं.

वहिनींना रडू कोसळलं. नवऱ्यासाठी नव्हे. इतकी वर्षं घरात राबलेल्या या माणसाचा आवाज त्यांनी त्याचा म्हणून कधी ऐकलाच नव्हता.

"काहीही बोला. पण थांबू नका."

मग तो नळाबद्दल बोलत राहिला. वॉशर झिजलाय, जोर लावून फिरवू नका, म्हणाला. नर्स येऊन त्याला गप्प करेपर्यंत वहिनी ऐकत राहिल्या.