दीपगृहांवर फिरणारी पुस्तकपेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे, आणि मला एका जागी स्वस्थ बसवत नाही. माझा जन्मच फिरण्यासाठी झाला. नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या एका सुताराने मला घडवलं. कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या ठोकल्या, बाहेरून डांबर फासलं, दोन्ही अंगांना दोराच्या मुठी लावल्या. माझ्या पोटात चाळीस पुस्तकं असत. वीस गोष्टींची, वीस खऱ्या माहितीची. हिवाळ्याआधी बोट मला एका दीपगृहावर उतरवून जायची आणि बर्फ वितळला की उचलायला यायची. पुढचा हिवाळा दुसऱ्या दीपगृहावर.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मला वाचता येत नाही. कुणी शिकवलंच नाही, आणि मी कुणापुढे हात जोडले नाहीत. पण रात्रंदिवस दिवा सांभाळणारी माणसं स्वयंपाकघरात मोठ्याने वाचत, ते माझ्या फळ्यांत मुरलं. तारे कसे ओळखावेत, कुठल्या वाळवंटात उंट काय खातात, कुठल्या सरदाराच्या मुलीने कुणाला नकार दिला, सगळं मला ठाऊक आहे. चार बुकं शिकलेल्यांनी माझ्याशी वाद घालून दाखवावा.

जानेवारी उजाडला की मात्र मला चैन पडायचं नाही. पुस्तकं बाहेर, पोट रिकामं, समुद्र बोटीला फिरकू देत नाही. बिजागऱ्या आपोआप कुरकुरत. लोक म्हणत, दमट हवेने होतं. हवा कसली! मला पुढे जायचं असायचं.

आता स्वार्तशेरची गोष्ट सांगते. स्वार्तशेर म्हणजे समुद्रात उभा राहिलेला एक काळा खडक. त्यावर दिवा, एक घर आणि चार माणसं. मुख्य रखवालदार हाल्वर, त्याला सगळे ‘थोरले’ म्हणत. त्याची बायको मार्थे. मदतनीस सिवर्ट, आणि त्याची तरुण बायको ओलिने, पोटुशी. खडकावर झाड नाही, अंगणात गवत नाही, मेंढी तर औषधालाही नाही.

दीपगृहांवर एक रीत होती. पेटी उघडली की पुस्तकं मानाप्रमाणे घ्यायची. आधी थोरले, मग त्यांची बायको, मग मदतनीस, शेवटी मदतनिसाची बायको. ज्याने जे उचललं ते त्याचं, तो आपण होऊन देईपर्यंत कुणी मागायचं नाही. मला ही रीत कधी पटली नाही. पुस्तक काय मानाचा विडा आहे?

हाल्वरने त्या वर्षीही नेहमीप्रमाणे सगळ्यात जाडजूड पुस्तक उचललं. घरगुती वैद्यकाचं होतं ते. मार्थेने कादंबऱ्यांचा ढीग केला. सिवर्टने प्रवासवर्णनं आणि ताऱ्यांची पुस्तकं घेतली. प्रत्येकाने मिळेल तेवढं कवटाळलं, आणि ओलिनेपुढे उरलं एकच पुस्तक, मेंढ्यांच्या निगेचं.

“वाच हो मन लावून,” मार्थे खिदळली. “थोरल्यांनाच खुंट्याला बांध आणि लोकर काढ.”

“त्यांच्या डोक्यावर कुठे उरलीय लोकर, मार्थेबाई?” ओलिने म्हणाली.

हाल्वर दातांत साखरेचा खडा धरून बशीतून कॉफी ओढत होता. त्याला ठसका लागला.

मी रागाने आतल्या आत धुमसत होते. बाळंत होणाऱ्या पोरीला वैद्यकाचं पुस्तक नको? पण ती हट्टी निघाली. एकच पुस्तक मिळालंय तर ते चावून खाईन, म्हणाली. माझ्याच झाकणावर बसून तिने ते तीनदा वाचलं. तेही मोठ्याने. सिवर्ट हात जोडायचा, “बाई गं, आता तरी मेंढ्यांना झोपू दे!”

मार्च महिन्यात, दिवस भरायच्या तीन आठवडे आधी, सकाळच्या कॉफीलाच ओलिनेला कळा सुरू झाल्या. सिवर्टने सुईणीसाठी किनाऱ्याला दिसेल असा बावटा चढवला. बोट निघालीही. आम्ही तिला येताना पाहिलं, आणि लाटांपुढे हात टेकून परत जातानाही पाहिलं.

स्वयंपाकघर सगळ्यात उबदार, म्हणून पलंग तिथेच आणला, माझ्याशेजारी.

“अहो, ते वैद्यकाचं पुस्तक आणा,” मार्थे नवऱ्याला म्हणाली.

हाल्वर जागचा हलेना. त्याची मान लाल झाली.

“ऐकलं नाही का? पुस्तक!”

तो जिना चढून वर गेला आणि पुस्तक घेऊन आला. कसलं पुस्तक! पाण्यात भिजून फुगलेला पाव तो. दिव्याच्या खोलीचं दार वाऱ्याने वाजायचं, म्हणून या शहाण्याने हिवाळाभर ते दाराखाली अडसर म्हणून दाबून ठेवलं होतं. फटीतून येणाऱ्या पाण्याने पानं एकमेकांना चिकटून एक वीट झाली होती. मार्थेने सुरी घालून पाहिली, तर पान फाटून हातात आलं.

“एवढं जाड पुस्तक होतं, वाचलंत तरी का?” मार्थेने विचारलं.

“मुखपृष्ठ वाचलं होतं,” हाल्वर पुटपुटला.

“मग आता मुखपृष्ठच बाळंतपण करील! व्हा बाहेर!”

मार्थेने बाह्या सरसावल्या. तिची स्वतःची दोन बाळंतपणं झाली होती, तेवढंच तिचं ज्ञान. तास उलटत गेले. ओलिनेचा धीर सुटत चालला. ती मार्थेचा हात दाबून म्हणाली, “ती कादंबरी... सरदाराच्या मुलीची... सांगा ना. काहीही बोला, पण गप्प बसू नका.”

मार्थे सांगू लागली. मुलगी घरातून कशी पळाली, बर्फात घोडा कसा मेला. ओलिने कळ आली की ओरडायची, कळ ओसरली की विचारायची, “मग?” मार्थे घाईघाईने शेवटाकडे वळली, तशी ओलिने खेकसली, “शेवट सांगू नका! तो मी स्वतः वाचणार आहे!”

ते ऐकून माझ्या जिवात जीव आला. ज्याला शेवट स्वतः वाचायचाय, तो इतक्यात हरत नाही.

मुलगी जन्मली. पण रडली नाही. निळसर, लुळी, मार्थेच्या हातांवर निपचित. मार्थेने तिला हलवून पाहिलं. बाहेर हाल्वर आणि सिवर्ट दाराला कान लावून उभे. मी पेटी, मी काय करणार? नुसती कळवळत राहिले.

“काय झालं?” ओलिने उठायला धडपडली. तिने पाहिलं, आणि थेट ओरडली, “नाक! नाकातोंडातला चिकटा काढा आधी! डोकं खाली धरा! आता चोळा, पाठ चोळा, जोरात!”

“अगं, लागेल तिला...”

“कोकराला कोरड्या गवताने चोळतात! गवत नाही तर लोकर घ्या! तो मोजा घ्या! चोळा म्हणते ना!”

मार्थेने चुलीवर वाळत टाकलेला सिवर्टचा लोकरी मोजा ओढला आणि भांडं घासावं तशी पाठ चोळू लागली. एकदा, दोनदा, किती वेळा ते मला सांगता येणार नाही. मग मुलगी शिंकली. आणि अशी किंचाळली, की माझ्या बिजागऱ्यांना लाज वाटावी.

दाराबाहेर थोरले हाल्वर भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडत होते.

त्या मुलीचं नाव सिग्ने. बोट मला न्यायला आली, तेव्हा ती माझ्या झाकणावर झोपली होती. तिला उचललं, मला उचललं. तीन हिवाळ्यांनी मी फिरून स्वार्तशेरला आले. हाल्वरने झाकण उघडलं आणि बाजूला सरकला. “ओलिने, आधी तू,” तो म्हणाला. मानाची रीत त्या खडकावर तिथेच संपली. त्यानंतर पुस्तकं मधल्या टेबलावर पडून असत. मार्थे ताऱ्यांबद्दल वाचू लागली, सिवर्ट चोरून प्रेमकथा वाचताना सापडला.

पुढे दिवे आपोआप पेटू लागले. माणसं खडकांवरून निघून गेली. मला एका संग्रहालयात आणून ठेवलं आहे. तेल लावलंय, दोरी आडवी बांधलीय, पोटात कागदाचे बोळे भरलेत. मुलं येतात, तर त्यांना सांगतात, हात लावू नका. हा माझा मान म्हणे! बोळे भरून कुणाचं पोट भरतं का?

म्हणून मित्रांनो, माझ्यावर दया करू नका, मला पुसत बसू नका. ज्या पेटीत, ज्या कपाटात पुस्तकं खरी आहेत, तिथे जा. आवडीचं घ्याच. पण त्याच्या शेजारचं, ज्याकडे तुम्ही नाक मुरडता, तेही घरी न्या. वाचून झालं की अडवून ठेवू नका, पुढच्या हातात द्या. पलीकडे कुणीतरी वाट पाहत असतं.