हिरवा ठसा

कानिफनाथनं नागापूरच्या एमआयडीसीतली नोकरी सोडली आणि तो निसर्ग अभ्यासक झाला. व्हायला काय लागतं? ढीगभर खिशांची विजार, गळ्यात दुर्बीण आणि पुण्याहून आणलेलं गुळगुळीत कागदाचं जाडजूड पुस्तक. रानातल्या अळंब्यांचं. कुठली खायची, कुठली खाऊन मरायचं, कशी ओळखायची, सगळं मराठीत, रंगीत चित्रांसकट. चित्रं त्यानं बघितली. वाचलं त्याच्या बायकोनं.

पंकजाला छापलेलं दिसेल ते वाचायची खोड. पहिल्याच पानावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, की नुसत्या चित्रावरून अळंबी ओळखू नये. बुडापासून उकरून काढावी, टोपीचा ठसा घ्यावा, मगच नाव ठेवावं. तिनं नवऱ्याला ते वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, "पहिलं पान कोन वाचतं गं?"

त्याला घाई होती. रविवारी पुण्याची माणसं 'रानभाजी सहली'ला यायची होती आणि त्याआधी मोबाईलवर एक झकास व्हिडिओ टाकायचा होता.

नागपंचमीला सकाळी गोजरबाई, त्याची आई, दूध-लाह्या घेऊन बांधावरच्या वारुळाला गेली. हा मोबाईल घेऊन मागं. वारुळाला लागूनच मागच्या सालचा उकिरडा पसरून टाकला होता. त्यावर झिमझिम पाऊस झालेला, आणि ताटाएवढाल्या पांढऱ्या छत्र्या वर आलेल्या. हा पाटी भरून घेऊनच घरी आला.

"वारुळाची अळंबी!" पुस्तकाचं पान उघडून त्यानं चित्रावर बोट आपटलं. "बघ. डिट्टो!"

पंकजानं एक छत्री उलटी केली. देठ मधूनच मोडलेला.

"बूड कुठाय ह्याचं?"

"वरच्यावर मोडून घेतली."

"आवो, वारुळाच्या अळंबीचा देठ मुळीगत खाली जातो, पार वारुळात. त्याच्यावरनंच ती वळखायची, असं लिव्हलंय. चला, खोरं घ्या. उकरून बघू."

गोजरबाईच्या हातातला तांब्या तिथंच थांबला. "आज? पंचमीला? नागाच्या डोक्यात खोरं घालतीस व्हय गं? आज ह्या घरात विळीला हात लावत न्हाईत, तवा चुलीवर ठिवत न्हाईत, आन् ही बया वारूळ खणायला निघाली!"

पंकजानं नवऱ्याकडं बघितलं. याच माणसानं गेल्या महिन्यात, साप दूध पीत नाही, पंचमी ही अंधश्रद्धा, असा घसा ताणून व्हिडिओ केला होता. आता काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली.

"ऱ्हाऊ दे ना," तो म्हणाला. "आयेच्या भावना हायेत."

भावना! खोरं उचलायचा कंटाळा, त्याला भावना म्हणायचं.

बाहेर ओसरीवर तिचे सासरे, कारभारी आबा, अळंबीच्या वासावर नाक वर करून बसले होते. श्रावण लागल्यापासून घरात मटण बंद. काळ्या मसाल्यातली अळंबी म्हणजे म्हाताऱ्याला मटणाच्या वरताण. पण नगरच्या डॉक्टरनं बजावलं होतं, मूत्रपिंडं निम्मीच चालतात, साधी हगवण लागली तरी उरलेली निम्मीही बंद पडतील. म्हातारा गेला तर या घरात पंकजाच्या बाजूनं बोलणारं कुणी उरणार नव्हतं. आणि गेला नाही तरी आठवड्याला सुया टोचून रक्त धुवायला कोण नेणार? निसर्ग अभ्यासक?

तिनं पाटीतली एक मोठी टोपी उचलली. कॅलेंडरचं पान फाडलं, कोरी बाजू वर करून मडक्यामागं ठेवलं, त्यावर ती टोपी पालथी घातली आणि वरून पातेलं झाकलं. पुस्तकात तसंच सांगितलं होतं. टोपीखालच्या चुण्यांतून बारीक भुकटी गळते. तिचा रंग काय पडतो ते बघायचं. त्याला वेळ लागतो. तेवढा वेळ तिला हवा होता.

"मी शिजवनार न्हाई," तिनं सांगून टाकलं.

"नको शिजवू, राणीसायब," गोजरबाई म्हणाली. "तोडून तरी दी. आज विळी न्हाई."

पंकजा हातानं तोडायला बसली. रबरासारखं ते बुळबुळीत मांस. ओल्या कुत्र्यागत वास. एका देठात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. तिनं त्या दाखवल्या, तर कानिफनाथ खूश झाला. "किडं खात्यात म्हंजी इषारी न्हाई. निसर्गाचा नियम हाय!"

असला नियम पुस्तकात कुठंच नव्हता. उलट, या गैरसमजाला बळी पडू नका, असं लिहिलं होतं. ती तसं बोलली. त्यानं मोबाईलचा कॅमेरा पुसला.

दुपारी पानं वाढली. पुरणाची दिंडं, भात, आणि आबांच्या ताटात वाटीभर काळा रस्सा, वर तेलाचा तवंग. कानिफनाथ मोबाईल धरून समोर उकिडवा बसला.

"मित्रांनो, हे माझे वडील, कारभारी आबा. आज आपण अस्सल वारुळाची अळंबी... आबा, हिकडं बघा. घास उचला. जरा हसा की!"

"आरं, खाऊ दे तरी! हसत खाल्लं तर ठसका लागतोय मला."

पंकजा आत पळाली. पातेलं उचललं, टोपी बाजूला केली.

कागदावर चक्रासारखा ठसा उमटला होता. हिरवा. डबक्यावर शेवाळ धरतं तसा घाणेरडा हिरवा. पुस्तकात काय लिहिलंय ते तिला पाठ होतं. वारुळाच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी. हिरवा पडला तर फेकून द्या. ती उकिरड्यावर येते, दिसायला गोजिरी, आणि खाणाऱ्याला रक्त पडेस्तोवर ओकायला, हगायला लावते.

ती बाहेर आली तेव्हा घास आबांच्या ओठांशी होता. तिनं हातावर फटका मारला. घास उडाला, वाटी लवंडली, रस्सा ओसरीभर पसरला.

"सणासुदीचं अन्न लाथाडतीस?" गोजरबाई किंचाळली.

"लाथ न्हाई मारली, आत्याबाई. अजून."

तिनं कागद नवऱ्याच्या नाकासमोर धरला. "वाचता येत न्हाई, पन रंग तरी कळतो का?"

कानिफनाथनं कागद बघितला. त्याचा चेहरा पडला नाही. त्यानं फक्त मोबाईल बंद केला. ते तिच्या नजरेनं टिपलं.

"ठशाचं काय एवढं," तो म्हणाला. "दमट हवेनं रंग बदलतो."

"बरं. रश्श्याच्या पातेल्यात अजून लई हाय. तुमी एक घास खावा. मी भर चावडीत तुमच्या पाया पडते."

"माझा सोमवार हाय आज."

गोजरबाईनं त्याच्याकडं मान वळवली. "तुजा? आरं, तू कवा धरला सोमवार? मागल्या श्रावणात सोमवारीच ढाब्यावर कोंबडी हानून आल्तास की."

पंकजाला आता उमगलं. त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याला शंका होती. आणि शंका होती म्हणून त्यानं स्वतःचं ताट मांडलं नव्हतं, बापाचं मांडलं होतं. सकाळच्या अळ्या बऱ्या. त्या जे खातात ते स्वतः खातात.

आबांनी कागदाकडं बघितलं, मग पोराकडं. चूळ भरली, दोनदा, तीनदा. मग उठून भिंतीला टेकवलेलं खोरं घेतलं.

"पोरी, पातेलं आन. कुत्र्यांनी खायला नको."

जन्मात त्यांनी पंचमीला माती उकरली नव्हती. गोजरबाई वाटेतून बाजूला सरली.

उकिरड्यावर आबांनी हातभर खड्डा केला. पंकजानं पातेलं त्यात पालथं केलं. खोऱ्यासरशी एक अख्खी छत्री बुडासकट वर आली. मुळी नव्हतीच. अंगठ्याएवढा बोथट गड्डा, त्याला शेण चिकटलेलं. आबांनी ती तशीच उचलून घरी आणली. पुस्तक अजून त्याच पानावर उघडं होतं. त्यांनी ती चित्रावर ठेवली.

"घे," ते म्हणाले. "वळख आता."

कानिफनाथनं आधी पुस्तकावरचं शेण पुसलं.