अस्तर

मंडळी, आंधळी माया म्हणजे काय, ते बघायचंय? मग या शिवणकामाच्या घरात डोकावा!

घरातल्या आईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, केमो चालू. करोना आल्यापासून तिला मागच्या खोलीत बसवलेलं, तिच्या मशीनवर चादर टाकलेली. आणि लस? "छे! आधीच अंगात एवढी औषधं, त्यात ही कशाला?" असं मोठ्या नणंदबाईंनी ठरवलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यावर थांबले असते तरी बरं! "तुला नाही, तर आम्हालाही नको. आम्ही तुझ्या जोडीला," म्हणत नवरा, मुलगा, सून, नणंद, कुणीच लस घेतली नाही. काय म्हणावं या त्यागाला!

पुढच्या केमोच्या वेळी आईनं हे डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

"अहो, कुणाला विचारून? लस तुम्हाला चालते. केमोच्या तारखा बघून दिवस मी सांगते. तुमच्या शरीरात तिचा जोर थोडा कमी पडू शकतो, म्हणून तर घरच्यांनी घ्यायलाच हवी. करोना झाला तर केमो थांबवावी लागेल!"

आई घरी आली ती थेट मशीनपाशी. चादर ओढून भिरकावली.

"वहिनी, अगं आराम कर!" नणंदबाई धावल्या.

"पुरे झाला आराम, वन्सं! मला जगायचंय. कापड विरलं की आपण आतून अस्तर लावतो ना? माझं कापड विरलंय. माझं अस्तर तुम्ही सगळे! आणि तुम्हीच असे उघडे बसलात?"

"पण लशीनं ताप आला तर?" नणंदबाईंनी विचारलं.

"येईल आणि जाईल! केमोनं केस गेले, तोंडाची चव गेली. मी गेले का?"

नवरा चाचरत म्हणाला, "तुला एकटं वाटू नये म्हणून..."

"मग रांगेत उभे राहा माझ्यासोबत!"

नणंदबाईंच्या ब्लाउजची बाही दंडाला घट्ट, सुईसाठी वर सरकेना. आईनं तो मागून घेतला, टाके उसवले, बाही सैल करून दिली. "आता सबब नको!"

घरच्यांनी त्याच आठवड्यात लस घेतली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या दिवशी आईही गेली, सगळ्यांना घेऊन. नर्सनं डाव्या दंडाशी सुई नेली तशा नणंदबाई कडाडल्या, "थांबा! डाव्या बाजूचं ऑपरेशन झालंय तिचं. उजव्या दंडात द्या!"

आई खळखळून हसली. किती दिवसांनी!

तेव्हा मंडळी, आपल्या माणसाला कॅन्सर असेल तर लशीचा निर्णय नात्यागोत्यात घेऊ नका, त्याच्या डॉक्टरांना विचारा. आणि त्याच्या जोडीला उभं राहायचं असेल, तर आधी आपली बाही वर करा!