सोमीच्या भाकरीचा तवा

मी एक जुना लोखंडी तवा आहे, मित्रांनो. सध्या जव्हारला एका घराच्या मागच्या अंगणात गुलाबाच्या कुंडीखाली पडलो आहे. कुंडीतलं पाणी झिरपून फरशीवर डाग पडू नयेत, म्हणून मला तिथे ठेवलं आहे. तवा गंजला तरी चालेल, फरशी चकचकीत राहिली पाहिजे! माणसाची अक्कल ही अशी. आज मी तुम्हाला त्याच अकलेची गोष्ट सांगणार आहे.

जव्हारच्याच एका लोहाराने मला ठोकून घडवलं. वांगणी गावच्या सोमीने मला बाजारात उचललं, बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं आणि मगच घेतलं. तिला तव्यातलं कळत होतं. तिच्या चुलीवर मी कितीतरी वर्षं नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरी भाजल्या. तिने मला कधी साबण लावला नाही. रांधून झालं की गरम असतानाच ती मला फडक्याने पुसायची आणि खुरासणीच्या तेलाचं बोट फिरवायची. मी आरशासारखा नव्हतो, पण माझ्यावर भाकरी कधी चिकटली नाही.

सोमीला दोन मुलगे, नवसू आणि हरेश. दोघेही त्या भाकरी खाऊन वाढले. पण आई पीठ कसं मळते, विस्तव कधी ओढते, हे पाहायला दोघांपैकी एकानेही चुलीकडे मान वळवली नाही. भाकरी ताटातच उगवते, असं त्यांना वाटत असावं. नवसू मोठा झाल्यावर शेती बघू लागला आणि पीक निघालं की मजुरीला भिवंडीकडे जाऊ लागला. हरेश शिकला आणि मोखाड्याला कचेरीत कारकून झाला. इस्त्रीचा शर्ट घालून तो गावाला आला की सोमी चार भाकरी जास्त थापायची. बाबूसाहेब त्या खाऊन, हात धुऊन मोकळे!

सत्त्याण्णव साली सोमीला लकवा झाला. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. तोंडातून नुसता घोगरा आवाज निघायचा. हरेश तिला मोखाड्याला आपल्या भाड्याच्या खोलीवर घेऊन आला, कारण तिथे दवाखाना जवळ होता. तिच्या गाठोड्यातून मी आणि काठवट, म्हणजे पीठ मळायची लाकडी परात, असे दोघे आलो. हरेशचं अजून लग्न झालं नव्हतं. तो खानावळीतून डबा आणू लागला. डब्यात गव्हाच्या पोळ्या. सोमीने एक घास चावला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. चहात बुडवलेला पाव तेवढा ती चोखायची. तिच्या हाताच्या शिरा वर आल्या, तेव्हा कुठे बाबूसाहेबांना वाटलं की आपण रांधावं.

आता शहाण्याने काय केलं असतं? बाजारात दहा बाया नागली विकत बसतात, त्यांतल्या एकीला विचारलं असतं. पण कारकुनाला लाज वाटली. त्याने वर्तमानपत्राच्या पुरवणीतली ‘पौष्टिक नाचणी’ नावाची कृती कापून आणली. कृतीत एक वाटी दही सांगितलं होतं. दही मिळालं नाही, म्हणून त्याने दूध पावडर घातली. भाकरी चिरते म्हणून मैदा घातला, मैद्याने ती चामट झाली म्हणून खाण्याचा सोडा घातला. ते मिश्रण त्याने माझ्यावर ओतलं तेव्हा मला माझीच शरम वाटली. खालून कोळसा आणि वरून चिखल! ते सुटेना, म्हणून त्याने मला तारेने घासलं, साबणाने धुतलं आणि ओलंच कोपऱ्यात उभं केलं. सोमीने इतक्या वर्षांत चढवलेलं तेल त्या गाढवाने एका सकाळी उतरवलं. दुसऱ्या दिवशी माझ्यावर लाल गंज होता.

असा महिना गेला. पाऊस जवळ आला, तसा नवसू भिवंडीहून परतला आणि वाटेत आईला बघायला थांबला.

“आयचे हाल काय केलेस रं?” तो दारातूनच ओरडला. “तुला रांधाय येत नाय त सांग तसा. पुढल्या बाजाराला येतूं न तिला गावाला नेतूं.”

“गावाला डॉक्टर नाय, दादा. पावसात रस्ता बंद होल.”

“इथं हाय न डॉक्टर? मंग सुकली कशी? उपाशी माणसाला गोळ्या काय करतील?”

आईला गावाला नेलं तर पावसाळाभर औषध नाही, आणि इथे ठेवलं तर पोटात अन्न नाही. पुढच्या आठवडी बाजारापर्यंत आई जेवू लागली नाही, तर नवसू तिला गावाला नेणार होता. मला वाटलं, बरं होईल, निदान नवसूच्या बायकोला मळता तरी येतं.

त्याच आठवड्यात नाक्यावर शेवळं विकायला आली. ही रानभाजी सोमीच्या जिवाची. हरेशने जुडी आणली आणि विकणारीने तिच्याबरोबर मूठभर काकडं दिली. काकडं म्हणजे हिरवी, आंबट रानफळं. ती घातल्याशिवाय शेवळांची खाज मरत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण हरेशला कोणीतरी सांगितलं होतं की लकव्याच्या माणसाला आंबट देऊ नये. म्हणून आईच्या काळजीपोटी त्याने काकडं कोपऱ्यात टाकली आणि नुसती शेवळं शिजवली. असली काळजी वैऱ्यालाही न मिळो!

त्याने पहिला घास आईला भरवला. तिने तो थुंकला. मग तो स्वतः घास घेऊ लागला, तर तिने डाव्या हाताने त्याच्या हातावर फटका मारला आणि ताट उडवलं. तरी दोन बोटं त्याने चाटलीच. घसा असा खाजू लागला की डोळ्यांत पाणी आलं. सोमी डावा हात ताणून एकसारखी कोपऱ्याकडे दाखवत होती. कोपऱ्याच्या बाजूला दार होतं.

“आय,” तो रडत म्हणाला, “तुला दादाकडं जायाचा हाय का? एवढा मी वाईट रांधतूं?”

मला तोंड असतं तर मी शिवी हासडली असती. अरे मूर्खा, ती तुझा घसा वाचवत होती! ती दाराकडे नाही, काकडांकडे दाखवते आहे!

सोमी खाटेवरून सरपटत खाली आली. कोपऱ्यापर्यंत गेली, एक काकड उचललं आणि नेम धरून त्याच्या कपाळावर मारलं. त्याने ते उचललं, दाताने फोडलं आणि चोखलं. घसा हळूहळू निवला. त्याने त्या फळाकडे आणि मग आईच्या डाव्या हाताकडे बघितलं. आई गप्प नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं. इतके दिवस तिच्या तोंडाकडे बघत बसला होता, बैलोबा!

दुसऱ्या दिवशी त्याने काठवट आईच्या खाटेजवळ मांडली. तो पिठात गार पाणी ओतू लागला, तर तिने तांब्या लाथाडला आणि चुलीकडे बोट केलं. त्याने पाणी उकळलं. मळायचं थांबवलं की ती फटका मारायची. मग तो थापायला बसला. धपाधप, जसे कचेरीत शिक्के मारावेत. भाकरी फाटली. तेव्हा सोमीने डावा तळवा खाटेच्या लाकडावर आपटायला सुरुवात केली. थप, थप, आणि मग लाकडावरून तळवा फिरवून एक पाण्याचा हात. थप, थप, पुन्हा पाण्याचा हात. तो ताल मला पाठ होता. वांगणीला रोज सकाळी मी तोच ऐकत तापत होतो. हरेशही त्यानेच रोज जागा होत असणार, पण कानही वापरावे लागतात ना!

हरेशचे हात त्या तालावर चालू लागले. चुकला की तळवा थांबायचा, सावरला की पुन्हा वाजायचा. तीन-चार दिवस त्याने भरपूर पीठ वाया घालवलं. गंज घासून मला तेल लावायलाही तिनेच बोट दाखवून शिकवलं. आणि बाजाराच्या सकाळी नवसू दारात आला, तेव्हा माझ्यावर एक भाकरी फुगत होती. तिची एक बाजू जाड होती, आणि गोल तर ती अजिबात नव्हती. सोमीने ती काकडं घातलेल्या शेवळांबरोबर सगळी खाल्ली आणि दुसरीसाठी ताट पुढे केलं.

नवसूनेही एक तुकडा मोडला आणि बराच वेळ चावत राहिला. “आयची चव हाय रं,” तो म्हणाला आणि डोळे पुसत एकटाच गावाला गेला.

मला त्या दिवशी आनंद झाला. हरेशचं कौतुक मात्र मी करणार नाही. तोंड चालत होतं तेव्हा तिला काही विचारलं नाही, ते बंद पडल्यावर शिकला. त्यात कसलं आलंय शहाणपण? सोमी पुढे तीन वर्षं त्याच्या हातचं खाऊन जगली, एवढं मी मान्य करतो.

मग हरेशची जव्हारला बदली झाली. लग्न झालं, गॅस आला, आणि काहीच चिकटत नाही असा एक काळा, गुळगुळीत तवा आला. त्याला चटका सोसत नाही, ओरखडा सोसत नाही आणि दोन वर्षांत त्याचा रंग उडतो. त्या नाजूकरावांसाठी मला कुंडीखाली पाठवलं. हरेशची मुलगी प्रतीक्षा आता शाळेत जाते. परवा ती दुपारी अंगणात येऊन बसली. घरात हरेश भाकरी थापत होता आणि थप, थप, पाण्याचा हात, असा तो ताल भिंतीपलीकडून येत होता. पोरीने डोकं वर केलं नाही. ती म्हणाली, “बाबा, किती आवाज करता!”

मित्रांनो, मला वाचवायचं असेल तर कुंडी उचला, गंज घासा, तेलाचं बोट फिरवा. पण ते नंतर. तुमच्या घरात ज्याला रांधता येतं, त्याचं तोंड आज चालतं आहे. आधी उठा आणि त्याच्याजवळ जाऊन बसा. सगळ्यांच्याच आईचा डावा हात शाबूत राहत नाही.