रिकाम्या खुर्चीचं मत

विस्कॉन्सिनमधल्या त्या भाड्याच्या खोलीत भाषणाच्या चाचणीसाठी बोलावलेले मतदार काचेपुढे बसले होते आणि काचेमागच्या अंधारात प्रचार-सल्लागार मार्लिस. मतदारांना काचेत स्वतःचेच चेहरे दिसत होते. प्रत्येकाच्या हातात एक चकती. भाषण पटलं तर उजवीकडे फिरवायची, नाही पटलं तर डावीकडे. प्रत्येक चकतीची रेघ मार्लिससमोरच्या पडद्यावर उमटे. लोकशाहीचे असे कार्डिओग्राम काढण्यात तिची हयात गेली होती. रोगी दगावला तरी फी बुडत नसे.

शेजारी उमेदवार डेल होल्टरमन चॉकलेटच्या गोळ्या चघळत होता. प्रश्न भाषणातल्या एकाच वाक्याचा होता: 'ट्रान्स मुलांचे उपचार त्यांच्या आईबापांवर सोडा.' ते उडवलं, तर निवडून आल्यावर डेल उपचारबंदीला मत देणार हे ठरलेलं होतं. मार्लिसचा मुलगा एमेट, जन्मदाखल्यावर मुलगी, त्याच उपचारांवर होता. डेलला हे माहीत नव्हतं. कामावर ती अजून 'माझी मुलगी'च म्हणायची.

वाक्य ऐकवलं, रेघा घसरल्या. जरा मऊ करून ऐकवलं, रेघा सावरल्या. मग ते वाक्यच गाळलेलं भाषण लावलं आणि सगळ्या रेघा मजेत वर चढल्या. एक मात्र खाली खाली जात राहिली.

"हा कोण रडका?" डेलने विचारलं.

यंत्र सांभाळणारा ओरिन हळूच म्हणाला, "ती कोपऱ्यातल्या खुर्चीची रेघ. तिथला माणूस आलाच नाही."

"मग चकती कोण फिरवतंय? माझी मेलेली आत्या?"

"खुर्चीवर चकतीच नाहीये, डेल."

चकत्या तपासताना एखादी स्वतःच्याच कोटात राहून जाणं, ही मार्लिसची जुनी खोड. ती शोधायला तिने खिशाकडे हात नेला, तर हात आधीच खिशात होता. अंगठा चकती पार डावीकडे रेटून बसला होता. कधीपासून, कोण जाणे, दुखत होता.

"मार्लिस, बोल की. ठेवायचं का वाक्य?"

"यंत्राचा घोटाळा आहे," ती म्हणाली. "ओरिन, ती रेघ हिशेबातून काढ. आणि वाक्यही काढा."

रेघ गेली. सरासरी उंचावली. अंधारात मार्लिसने चकती बाहेर काढली, मधोमध आणली आणि शेजारच्या मोकळ्या खुर्चीवर ठेवून दिली.

"बघ, सगळे खूश," डेल म्हणाला. "घरी काय म्हणतेय तुझी मुलगी?"

"मजेत आहे."

खुर्चीवर, कुणाचाही हात नसताना, चकती सावकाश डावीकडे फिरू लागली.