न पाहिलेलं काहीतरी

"हे पाहिलंयस?"

"पाहिलंय."

"अगं आई, नीट बघ तरी. मागच्या वेळी मी आलो तेव्हा हे दुकान नव्हतं."

"दुकान नव्हतं. पण आत आहे काय? बरण्या. बरण्या पाहिल्यात मी. चल."

काचेच्या बरण्यांच्या त्या नव्या दुकानासमोर मुलगा कमरेवर हात ठेवून उभाच राहिला, आणि त्याची आई, कंडक्टरबाई, पुढे जाऊन सिग्नलशी थांबल्यासुद्धा. डावीकडून गाडी येत नव्हती, उजवीकडूनही नव्हती. पण दिवा लाल होता, त्यामुळे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं गुमान उभी होती.

"कशी उभी आहेत बघ," मुलगा मागून येत पुटपुटला. "पलीकडे जाऊन असं काय करायचंय यांना?"

"बाजार. हातात पिशव्या दिसत नाहीत का?"

गावात सगळे त्यांना कंडक्टरबाई म्हणत. नोकरी संपली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. सिटी बसच्या गोल मार्गावर त्यांनी जन्म काढला होता. स्टेशन, बाजार, कालव्याचा पूल, इस्पितळ, शाळा आणि पुन्हा स्टेशन. गाव मोठं भलं. रस्ते झाडलेले, नळाला पाणी, एकट्या बाईला अंधारात घरी जाताना मागे वळून बघावं लागत नसे. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर कुणाची तरी हरवलेली छत्री सापडल्याची बातमी असायची. चौकीतला हवालदार दुपारभर कुंड्यांना पाणी घालायचा. राहण्यालायक शहर म्हणून गावाला कुठलंसं बक्षीसही मिळालं होतं, आणि त्या समारंभाला गेलेली मंडळी लवकर घरी येऊन झोपली होती.

बाईंच्या नेमाची सुरुवात बसमध्येच झाली. एकदा एका परगावच्या माणसाने तिकीट घेता घेता सहज विचारलं, "बाई, तुमच्या गावात बघण्यासारखं काय आहे हो?" बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. स्टेशन, बाजार, पूल, इस्पितळ, शाळा. माणूस सज्जन होता. "बरं, बरं," म्हणून तो खिडकीबाहेर बघत राहिला, पूर्ण फेरी मारून स्टेशनवर उतरला आणि पुढची गाडी पकडून निघून गेला. त्या रात्री बाईंना घास गिळेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी नेम धरला. आपल्याच गावातली, आजवर न पाहिलेली एक तरी गोष्ट रोज बघायची, आणि मगच रात्रीच्या ताटावर बसायचं.

त्या नेमापायी बाईंनी काय काय पाहिलं! टाऊन हॉलचं घड्याळ मागच्या बाजूने पाहिलं. तिथून काटे उलटे फिरतात. नावेत आडवं पडून कालव्याच्या पुलाचं पोट पाहिलं. बँकेच्या तिजोरीच्या दाराला तेल घालताना पाहिलं. शाळेतला पियानो उघडून त्याच्या तारा पिळणारा म्हातारा पाहिला. गावाने त्यांना जरा अर्धवट ठरवून टाकलं होतं, पण तेच गाव त्यांना रस्त्यात थांबवून सांगायचं, "बाई, उद्या इस्पितळाचा बॉयलर उघडतोय, या."

मुलगा दूरच्या मोठ्या शहरात असे. तिथे त्याने ऐसपैस घर घेतलं होतं, आईसाठी खोली राखली होती आणि इथलं घर घ्यायला गिऱ्हाईकही गाठलं होतं. तो माणूस उद्या सकाळी येणार होता. घर आईच्या नावावर, तेव्हा सही आईची. बाईंची धाकटी बहीणही त्याच मोठ्या शहरात राहायची. भाच्याच्या बाजूने किल्ला लढवायला ती मुद्दाम बरोबर आली होती. त्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मुलाने डाव टाकला होता.

"आज दिवसभर मी तुझ्याबरोबर हिंडतो. एक, फक्त एक नवीन गोष्ट दाखव. दाखवलीस तर घराचा विषय बंद. नाही दाखवलीस तर उद्या सही."

"अट तुझी आहे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "मी घातलेली नाही. पण हिंडायला चल. चपला मात्र चांगल्या घाल."

बाजारात शिरताच मुलाने त्यांचा दंड धरला. "आई! भांडण!"

खरंच दोन माणसं एका हातगाडीपाशी एकमेकांच्या अंगावर धावून जात होती. भोवती घोळका जमला होता. या गावात भांडण म्हणजे अपूर्वाईच. पण बाईंनी एक नजर टाकली आणि पुढे चालू लागल्या.

"ते भाऊ आहेत. धाकट्याने वजन करताना थोरल्याला विचारलं नाही की होतं असं. आता धाकटा म्हणेल, मी चाललो घर सोडून."

"मी चाललो घर सोडून!" मागून आवाज आला.

"आता थोरला म्हणेल, छत्री घेऊन जा."

मुलगा हसला, पण लगेच सावध झाला. हसणं त्याच्या बाजूचं नव्हतं.

बाई मात्र निर्धास्त होत्या, कारण त्यांच्या मनात टाकी होती. टेकडीवरची पाण्याची जुनी टाकी धुवायला रिकामी केली होती, आणि रखवालदाराने परवाच सांगून ठेवलं होतं, "बाई, शिडीने वर या, झाकण उघडून आत उतरवतो. आतून हाक मारली ना, की आपलाच आवाज गोल गोल फिरतो." गोल मार्गावर जन्म काढलेल्या बाईला याहून काय हवं? टेकडी चढताना त्या मुलाच्या पुढे होत्या.

शिडीच्या तोंडाशी नवं कोरं कुलूप होतं.

रखवालदार त्यांना बघून आधीच उठून उभा राहिला. "बाई, काय तोंड दाखवू तुम्हाला. सकाळीच वरून हुकूम आला. शिडीवर कुणालाही चढवायचं नाही."

"कुणी पडलं का?"

"छे हो! आजवर कुणी पडलेलं नाही."

"मग?"

"पडू नये म्हणून."

बाई कुलपाकडे बघत राहिल्या. मग त्या बोलू लागल्या, आणि नेहमीच्याच मऊ आवाजात बोलल्यामुळे रखवालदाराला ते जास्त लागलं.

"बुडू नये म्हणून कालव्यातल्या नावा बंद केल्या. लागू नये म्हणून बागेतला उंच झोका उपटला. घड्याळाच्या जिन्याला फळ्या ठोकल्या, कुणाचा पाय घसरेल म्हणून. आता एक दिवस आम्हाला अंथरुणातूनही उठू देऊ नका. उठलं की ठेच लागते."

"तुमचं खरंय, बाई."

"खरं असून काय करू? कुलूप कुणाचं आहे?"

"कुलूप आमचं. किल्ली साहेबांकडे." रखवालदाराने घाईने खिशातून मोबाइल काढला. "धुणाऱ्या पोरांनी आतला फोटो काढलाय. हा बघा, दाखवतो."

बाईंनी चटकन डोळ्यांवर हात धरला. "नको! फोटोत बघितलं तर पुढे खरंखुरं बघितल्यावर ते न पाहिलेलं कसं राहील?"

उतरताना त्या वाटेवरच्या बाकावर टेकल्या. बाक स्वच्छ होता. समोर सगळं गाव पसरलं होतं, नीटनेटकं, जागच्या जागी. मुलगा शेजारी बसला आणि म्हणाला, "आमच्याकडे रोज कुठे ना कुठे गाणं, नाटक, काही ना काही चालू असतं. दुकानं रात्रभर उघडी. रस्त्यात उभं राहिलं तरी करमतं माणसाला."

"तू काय काय पाहिलंस?"

"हा टोमणा येणार, माहीत होतं मला. वेळ नसतो, आई. पण असतं ना तिथे! असणं महत्त्वाचं. इथे नाहीच आहे काही. कबूल कर की, कंटाळवाणं आहे गाव."

"आहेच कंटाळवाणं," बाई म्हणाल्या. "मी कधी नाही म्हटलं? ऊठ, बुकबाइंडरकडे जाऊन बघू."

बुकबाइंडर नेहमीचंच पुस्तक नेहमीच्याच डिंकाने चिकटवत होता. "बाई, तुमच्यासाठी मी आता नवीन काय आणू? माझं टक्कलसुद्धा तुम्ही पाहिलं!" धोबीवाड्याच्या मागच्या दाराशी वाफ होती, ती पाहिलेली होती. इस्पितळाच्या आवारात रुग्णवाहिका धुणारा माणूस लांबूनच मान हलवून नाही म्हणाला. बाईंच्या चालण्यात आता घाई आली होती. ऊन कलत होतं. आणि मुलगाही नकळत कामाला लागला होता. फाटकांच्या फटीतून डोकावत होता, अनोळखी माणसांना थांबवून विचारत होता, "का हो, आज तुमच्याकडे काही उघडतंय का? काही पाडताय वगैरे?"

"आई! इकडे, पळत ये!"

गल्लीतून एक माणूस सायकलला भलामोठा आरसा बांधून चालला होता. आरशात आभाळ होतं, घरांच्या खिडक्या होत्या, वरून खाली सरकत होत्या. मुलाचा चेहरा फुलून आला होता.

बाई धापा टाकत आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "आरसेवाला. दर आठवड्याला जातो."

"छ्या!" मुलाने भिंतीवर हात आपटला. आपण कुणाच्या बाजूने आहोत हे त्याला साफ विसरायला झालं होतं.

दिवेलागणीला दोघं घरी आली तेव्हा मावशीने टेबलावर तीन ताटं मांडून ठेवली होती. गरम भाताची वाफ आणि भाजीचा वास साऱ्या खोलीत भरला होता. दिवसभर बाईंच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

"मग?" मावशीने हातातला डाव वरच धरला. "काय पाहिलंत राजेहो?"

बाई हात धुवायला वळल्या होत्या. मुलाने त्यांच्या पाठीकडे बघितलं. त्यांच्या पायात चपलेचा पट्टा रुतून लाल वळ उठला होता.

"टाकी पाहिली," तो म्हणाला. "आतून. आईने हाक मारली, आवाज नुसता फिरत होता. घराचा विषय बंद, मावशी. वाढ आईला."

नळ बंद झाला. बाई पदराला हात पुसत टेबलाशी आल्या.

"खोटं बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "टाकीला कुलूप होतं. आज काही दिसलं नाही." आणि त्यांनी आपलं ताट उपडं घातलं.

"झालं तर!" मावशी खुर्चीत बसली. "ताई, नेम मोडला तुझा. आता हट्ट पुरे. उद्या सही कर आणि चल आमच्याबरोबर."

"माझा नेम कसा मोडला?"

"काही दिसलं नाही म्हणालीस ना आत्ता?"

"बघितल्याशिवाय जेवायचं नाही, हा नेम. बघितलं नाही, जेवत नाही. चोख पाळलाय."

मुलगा म्हणाला, "पण आई, तुला रोज काही ना काही दिसायचं ना?"

"रोज? हे गाव आहे की सर्कस?"

"मग ज्या दिवशी दिसायचं नाही..." तो बोलता बोलता थांबला. लहानपणीच्या कितीतरी संध्याकाळी त्याच्या डोळ्यांसमोर आल्या. आई ड्यूटीवरून यायची, त्याला वाढायची, आणि समोर बसून म्हणायची, आज मला पित्त झालंय रे, तू जेव. "ते पित्त?"

"पित्त मला कधी झालंच नाही," बाई म्हणाल्या.

"अगं, मग हे गाव तुला उपाशी ठेवतं आणि तरी तुला इथेच राहायचंय?" मावशी उसळली. "आमच्याकडे नुसती गॅलरीत उभी राहिलीस ना, तरी रोज पोटभर जेवशील! हे काय भलतंच खूळ!"

"म्हणूनच नको." बाईंचा आवाज चढला नाही, तो कधीच चढत नसे. "तुमच्याकडे आपोआप दिसतं. मला आपोआप नको. हे गाव कंटाळवाणं आहे, पण मी त्याला सुखासुखी कंटाळवाणं राहू देत नाही. मी गेले तर याला कोण जाब विचारणार? कुलपं लावत सुटतील. उद्या साहेबांच्या दारात जाऊन बसणार आहे मी, टाकीच्या किल्लीसाठी. परवाही बसेन. आणि तुझ्या त्या गिऱ्हाइकाला सांग, घर विकायचं नाही."

"साहेबांनी नाहीच दिली किल्ली तर?" मुलाने विचारलं.

"तर त्यांचं ऑफिस मी आतून पाहिलेलं नाही."

मावशीला हसू फुटणार होतं, ते तिने दाबलं. मुलाने आपलंही ताट बाजूला सारायला हात घातला, तेवढ्यात बाईंनी ते पुन्हा त्याच्यासमोर ओढलं.

"तू जेव. तुझा नेम नाही."

बाईंचं पोट गुरगुरलं, चांगलं लांबलचक, आणि ते तिघांनाही ऐकू आलं. बाईंनी मान ताठ ठेवून भाताचं भांडं जवळ घेतलं आणि मुलाला वाढायला सुरुवात केली.