काकांवर राज्य

ठकीच्या तोंडाला कुलूप नाही हे तिच्या आईला चांगलं ठाऊक होतं. पण ते तोंड नेमकं लिफ्टमध्ये, वरच्या मजल्यावरच्या काकांसमोर सुटावं? बरं, शेजारचं जोडपंही होतंच ऐकायला.

"काय गं, काल घरी नव्हतात वाटतं? बेल वाजवली मी," काका सहज म्हणाले.

"होतो की! तुमची बेल वाजली की आम्ही स्टॅच्यू खेळतो. बाबा टीव्ही बंद करतो. जो हलेल तो आउट. आणि तुमच्यावरच राज्य असतं नेहमी!"

शेजारच्या जोडप्याने मान वर करून मजल्यांचे आकडे वाचायला घेतले. आईची कानशिलं तापली. "काहीतरीच बोलते हो कार्टी!"

"काहीतरीच काय? तूच शिकवलास ना खेळ?"

झालं! आता बोला.

"मग जिंकतं कोण?" काकांनी हळूच विचारलं.

"आई! ती श्वाससुद्धा घेत नाही."

धरणीने पोटात घ्यावं म्हटलं, तर पायाखाली लिफ्ट.

काका काही वाईट नव्हते हो. काकू गेल्यापासून संध्याकाळ खायला उठायची, म्हणून पक्कड मागायच्या निमित्ताने यायचे. पण एकदा बसले की पंख्यांच्या कारखान्यातल्या गोष्टी काही संपायच्या नाहीत. ठकीची आई ऑफिसातून दमून आलेली, स्वयंपाक व्हायचा असायचा. 'आत्ता जमणार नाही' म्हणायला जीभ रेटेना, म्हणून हा खेळ निघाला.

घरी नवरा पोट धरधरून हसला. "अगं, विसरतील ते!"

"हसतोस काय? मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही!"

त्या संध्याकाळी तिने टीव्ही मुद्दाम मोठ्याने लावला. बेल वाजली नाही. मग पुढे कित्येक दिवस वाजेचना. शेवटी ठकीला घेऊन तीच वर गेली.

काकांनी दार अर्धंच उघडलं. "काही काम होतं?"

"काका, फार चुकलं आमचं. मला लाज वाटते."

"छे छे! मलाच कळायला हवं होतं. तुम्ही दमून येता."

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. हे मात्र तिच्या जिव्हारी लागलं. "चहाला चला ना," ती कशीबशी म्हणाली.

"येईन की सवडीने."

"आत्ताच चला आजोबा!" ठकीने त्यांचा हात ओढला. "आम्ही दार उघडू, खरंच! आईची शप्पथ!"

आईला रडावं की हसावं कळेना. काका आले. खुर्चीच्या कडेला टेकले. नवऱ्याने कारखान्याचा विषय काढून पाहिला, तर "जुन्या गोष्टी त्या" म्हणून त्यांनी हसण्यावारी नेला. चहा चटके बसतील इतका गरम होता, तो त्यांनी भराभर संपवला आणि ते उठले.

"निघतो. तुम्हाला कामं असतील."

"बसा ना हो काका," ती म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मनापासून म्हणाली. पण काकांनी तोवर चपला घातल्या होत्या.